मधल्या तीन तासांचे काय?

भाऊबीज उलटली की साकोली, लाखनी, लाखांदूर या धानाच्या पट्ट्यात गावोगावी मंडया भरू लागतात आणि मंडईच्या रात्री नाटक असते. वडशाच्या नाट्यमंडळ्या सामानसुमान घेऊन गावात उतरतात, बरीच रात्र झाल्यावर पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत लेकीसुना, पाहुणे, शाळेतील मास्तर, कचेरीतील कारकून आणि रोजमजूर एकाच मांडवात बसून राहतात. संशयी नवरा, परपुरुष, बहकलेली पत्नी आणि शेवटच्या अंकातील खून ही सामग्री या रंगभूमीला परकी नाही. खरे म्हणजे ती कोणत्याच रंगभूमीला परकी नाही. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा शहरी वृत्तपत्रांचे लक्ष क्षणभर इकडे वळले होते. परंतु या रंगभूमीचे खरे वैशिष्ट्य तिच्या प्रेक्षकात आहे. तो नाटक पाहून मुकाट्याने घरी जात नाही. कोण चुकले आणि कोणाचे बरोबर, याचा निवाडा दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर आणि बांधावर व्हायचाच असतो.

असाच एक निवाडा १९५९ साली सबंध मुंबई शहराने केला होता आणि तो अद्याप संपलेला नाही. नौदलाच्या ‘म्हैसूर’ या युद्धनौकेवरील दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी कमांडर कावस माणेकशा नानावटी यांनी त्या वर्षी २७ एप्रिलला मोटारींचे व्यापारी प्रेम अहुजा यांना त्यांच्या राहत्या घरी गोळ्या घालून ठार केले. नानावटी यांच्या इंग्रज पत्नी सिल्व्हिया यांचे अहुजांशी संबंध होते आणि त्याच दिवशी त्यांनी पतीजवळ त्याची कबुली दिली होती. खटला ज्यूरीपुढे चालला. नऊपैकी आठ जणांनी आरोपीस निर्दोष ठरविले. रुसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ने आरोपीची बाजू इतक्या आवेशाने लढविली की चार आण्यांचा अंक दोन रुपयांना विकला गेल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. फेरीवाल्यांनी नानावटींच्या नावाने खेळण्यातली पिस्तुले आणि अहुजांच्या नावाने टॉवेल विकले, कारण अहुजा मेले तेव्हा नुकतेच स्नान करून आलेले होते आणि त्यांच्या अंगावर टॉवेलच होता. एका माणसाच्या मृत्यूची इतकी उघड चेष्टा त्या शहराने क्वचितच केली असेल. भंडारा जिल्हा त्या वेळी द्वैभाषिक मुंबई राज्यातच होता. म्हणजे हे राज्य, ते राज्यपाल आणि ते उच्च न्यायालय साकोलीकरांचेही होते.

एवढी कथा बहुतेकांना ठाऊक असते. ती ठाऊक असण्याचे श्रेय मात्र न्यायालयाच्या निकालपत्राकडे जात नाही. ते नाटक-सिनेमाकडे जाते. १९६३ साली आर. के. नय्यर यांचा ‘ये रास्ते हैं प्यार के’ आला. मूळ घटनेतील आरोपी त्या वेळी जन्मठेपेचा कैदी होता. पण नायकाची भूमिका सुनील दत्त यांनी आणि प्रियकराची रहमान यांनी केल्यावर प्रेक्षकांची सहानुभूती कोणाकडे जाणार हे वेगळे सांगावयास नको. मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकरांचे ‘अपराध मीच केला’ याच प्रकरणावरून आले. १९७३ साली गुलजार यांनी ‘अचानक’ काढला. एकही गाणे नसलेल्या त्या चित्रपटात विनोद खन्ना यांचा सैनिकी अधिकारी प्रियकराबरोबर पत्नीलाही ठार करतो आणि पुढे फासावर जातो. २०१६ साली अक्षयकुमार यांचा ‘रुस्तम’ प्रदर्शित झाला आणि त्या वर्षीचा अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यांनाच मिळाला. २०१९ साली हीच गोष्ट मालिकेच्या रूपाने मोबाइलवर आली. साठ वर्षांत एकाच खुनाला इतके अवतार मिळाले. यांपैकी ‘रुस्तम’ हा आजच्या पिढीने सर्वाधिक पाहिलेला अवतार आहे आणि चिंतेचा विषयही तोच आहे.

जुन्या गोष्टीची पुनर्निर्मिती करण्यास कोणाचीच हरकत असू नये. रामायण-महाभारताच्या देशात ती घेणे हास्यास्पद ठरेल. परंतु पुनर्निर्मितीत काय गाळले जाते आणि काय नव्याने घातले जाते, यावरून त्या काळाचे मन कळते. नानावटी प्रकरणात दरखेपेस गाळली जाणारी अथवा काही मिनिटांत उरकली जाणारी गोष्ट एकच आहे. ती म्हणजे मधले तीन तास.

सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिलेल्या निकालात या तीन तासांचा तपशील आहे आणि तो कोणत्याही पटकथेपेक्षा अधिक थरारक आहे. पत्नीची कबुली ऐकल्यावर नानावटी दुपारी सुमारे दीड वाजता घरातून निघाले. पत्नी, दोन मुले आणि शेजाऱ्यांचे एक मूल यांना त्यांनी आपल्या मोटारीतून चित्रपटगृहात नेऊन सोडले आणि सहा वाजता न्यायला येतो असे सांगितले. तेथून ते आपल्या नौकेवर गेले. रात्री एकट्याने मोटार चालवीत अहमदनगरला जायचे आहे, असे कारण सांगून त्यांनी एक रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे मिळविली. मग ते अहुजांच्या कचेरीत गेले; अहुजा तेथे नाहीत असे कळल्यावर त्यांच्या घरी गेले. गोळ्या सुटल्या तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती.

कायद्यात यासाठी एक अपवाद आहे. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटला आणि त्या भरात त्याच्या हातून मनुष्यहत्या झाली, तर तो खून ठरत नाही. सदोष मनुष्यवध ठरतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्या १०१ व्या कलमातही हा अपवाद कायम आहे. पत्नीची कबुली हा गंभीर प्रक्षोभ खराच. परंतु तो आकस्मिक राहिला होता काय? मुलांना चित्रपटगृहात सोडणाऱ्या, परतण्याची वेळ ठरविणाऱ्या, शस्त्रासाठी पटण्याजोगे खोटे कारण सांगणाऱ्या माणसाचा ताबा सुटलेला होता, असे म्हणता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९६० मध्ये दिलेली जन्मठेप कायम झाली. ज्यूरीचा कौल न पटल्याने ज्या सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले, त्यांचे नाव आर. बी. मेहता. त्यांच्या या धैर्याचा वाटा मोठा आहे, पण जमावाचा रोष पत्करणारा न्यायाधीश हा नायक होण्यास लायक आहे असे चित्रपटसृष्टीला अजून वाटलेले नाही.

या तीन तासांनंतर येते ती बंद खोली. तेथे दोघेच होते. त्यांतला एक मेला. सिल्व्हियाशी लग्न करून मुलांना सांभाळशील काय, असे आपण विचारले; त्यावर अहुजांनी निर्लज्ज उत्तर दिले; झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या, ही सर्व हकीकत आरोपीची आहे. ती खोटी पाडण्यास अहुजा उरले नव्हते. त्यांच्या वतीने बोलत होता तो टॉवेल. एवढी झटापट होऊन तीन गोळ्या लागल्या, तरी तो अंगावरून सुटलाही नव्हता. ज्या टॉवेलची मुंबईने थट्टा केली, तोच न्यायालयात मृताचा साक्षीदार ठरला. पडद्यावर मात्र खोलीच्या आतला प्रसंग दाखविण्याचा मोह कोणाला आवरत नाही आणि तो दाखवावयाचा तर जिवंत राहिलेल्याच्या तोंडची हकीकतच हाती असते. प्रेक्षक ती डोळ्यांनी पाहतो, म्हणून ती त्याला खरी वाटते. ज्यूरीला निदान ती आरोपीच्या तोंडून ऐकावी लागली होती.

‘रुस्तम’ने याहीपुढे मजल मारली. नायकाच्या हातून झालेल्या हत्येला केवळ पतीच्या संतापाचा आधार त्याला पुरेसा वाटला नाही. म्हणून नौदलातील खरेदीचा भ्रष्टाचार आणला गेला, मृत व्यापारी त्या कटात गोवला गेला आणि पत्नीच्या प्रियकराचा खून ही जवळजवळ देशसेवा ठरली. प्रत्यक्षात मृताची बहीण खून झाला तेव्हा त्याच घरात होती. काच फुटल्याचा आवाज ऐकून ती धावली, तिने भावाला जमिनीवर पडलेले पाहिले आणि पुढे भर न्यायालयात, विरोधी लोकमताच्या गराड्यात साक्ष दिली. चित्रपटात तिच्या जागी सूडाने पेटलेली, नखरेल, सिगारेट ओढणारी खलनायिका आली. भावाच्या प्रेताजवळ उभ्या राहिलेल्या बहिणीचे असे रूपांतर करताना लेखक-दिग्दर्शकांना काहीच खटकले नसेल काय? आणि सिल्व्हिया यांचे काय झाले? ‘अचानक’ने पत्नीला मारून टाकले. ‘रुस्तम’ने तिला अश्रू दिले आणि पश्चात्ताप दिला. मूळच्या सिल्व्हिया बचाव पक्षाच्या साक्षीदार म्हणून न्यायालयात उभ्या राहिल्या, आपली प्रेमपत्रे चारचौघांत वाचली जाताना त्यांनी ऐकली आणि १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांच्या माफीने पती सुटल्यावर पुढे कुटुंबासह कॅनडात निघून गेल्या. या स्त्रीला त्या तीन तासांत, अंधाऱ्या चित्रपटगृहात मुलांशेजारी बसून, काय वाटले असेल हा प्रश्न एखाद्या लेखकाला पडला असता तर त्याला नवे नाटक सापडले असते.

परदेशातील या जातीच्या कथांशी तुलना केली म्हणजे फरक अधिक स्पष्ट होतो. बिली वाइल्डर यांच्या १९४४ सालच्या ‘डबल इन्डेम्निटी’त विम्याच्या पैशासाठी प्रियकर आणि पत्नी मिळून नवऱ्याला मारतात, पण सारी कथा खुनी माणूस स्वतःच्या कबुलीजबाबाच्या रूपाने सांगतो आणि स्वतःला कोठेही सोडवून घेत नाही. त्या काळी हॉलिवुडच्या नियमांनुसार गुन्ह्याला शासन दाखविणे भाग होते हे खरे. तरीही ‘मी हे केले’ असे म्हणणारा तो आवाज त्या नियमांपेक्षा अधिक टिकाऊ ठरला. आपल्याकडे यश चोप्रांच्या १९६९ सालच्या ‘इत्तेफाक’मध्ये पत्नी आणि तिचा प्रियकर शेवटी उघडे पडतात, २०१७ साली त्याची नवी आवृत्ती निघाली, तीत खरा मारेकरी विमानात बसून निसटतो आणि प्रेक्षक त्याच्या हुशारीवर खूश होऊन बाहेर पडतो. कालेलकरांच्या नाटकाचे शीर्षक या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यातल्या ‘मीच’मधील ‘च’ मराठी माणसाला पुरेसा बोलका वाटावा. पुढच्या अवतारांनी तो ‘च’ काढून टाकला, आणि मग ‘मी’ही.

यावर असे म्हटले जाईल की हे सारे करमणुकीचे खेळ आहेत, प्रेक्षक दूधखुळा नाही, आणि सिनेमा पाहून कोणी खून करावयास निघत नाही. हे मान्य करण्यास अडचण नाही. प्रश्न खून करणाऱ्याचा नाहीच. प्रश्न आहे तो खून झाल्यावर बोलणाऱ्यांचा. कोणत्याही मराठी दैनिकाचे जिल्ह्याचे पान उघडून पाहावे. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’, ‘अनैतिक संबंधातून हत्या’ हे मथळे छापखान्यात जणू जुळवूनच ठेवलेले असतात. त्यातील ‘वरून’ आणि ‘तून’ हे प्रत्यय किती काम करतात ते शिक्षकांनी वर्गात समजावून सांगण्यासारखे आहे. मारणारा वाक्यातून नाहीसा होतो. त्याच्या कृत्याला कारण मिळते. आणि जी मेली, तिच्या चारित्र्याचा पंचनामा पहिल्याच ओळीत होऊन जातो. संशय खरा होता की खोटा, हे वाचकास कधीच कळत नाही. कळण्याची त्याला गरजही वाटत नाही, कारण ही गोष्ट त्याने यापूर्वी अनेकदा पाहिलेली असते.

याचा सर्वांत भीषण पुरावा याच भंडारा जिल्ह्यात आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुले अशा चौघांची जमावाने हत्या केली. मारहाणीच्या एका प्रकरणात या कुटुंबातील स्त्रियांनी साक्ष दिली होती आणि ती देणे त्यांना महाग पडले. परंतु आरंभीच्या दिवसांत काय पसरले? ‘अनैतिक संबंधा’ची कथा. त्या मृत आईचे कोणाशी तरी संबंध होते, गाव चिडले आणि हे घडले! अनेकांनी ती ऐकली आणि मान डोलाविली. काही काळ प्रकरणाचे गांभीर्य या एका शब्दाखाली झाकून गेले. चौघांच्या हत्येचे एवढ्याने समाधान कसे होऊ शकले, मुलांचा काय अपराध होता, हे विचारण्याचेही भान राहिले नाही. पुढे आंदोलने झाली, तपास झाला, सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले आणि त्यांपैकी सहा जणांना फाशी सुनावली; २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोष कायम ठेवून फाशीऐवजी २५ वर्षांचा कारावास दिला. अत्याचार प्रतिबंधक कायदा या निकालांत लागू झाला नाही, ही बोच अनेकांच्या मनात आजही आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय होय. येथे मुद्दा इतकाच की ती अफवा कोणालाही नव्याने रचावी लागली नाही. तयार साचा सर्वांच्या मनात होता. त्यात फक्त एका मृत स्त्रीचे नाव घालावयाचे होते.

कायदा या साच्यापासून हळूहळू दूर सरकला आहे. भारतीय दंड संहितेचे ४९७ वे कलम परस्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला शिक्षा देत असे. पण पतीची संमती असेल तर गुन्हा नाही, असे म्हणत पत्नी ही पतीची मालमत्ता असल्याचेही गृहीत धरीत असे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. या प्रवासात एका मराठी घराण्याचा विलक्षण योग आहे. नानावटींविरुद्ध उच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारे यशवंत चंद्रचूड पुढे सरन्यायाधीश झाले आणि १९८५ साली त्यांनी ४९७ वे कलम वैध ठरविले. २०१८ मध्ये ते रद्द करणाऱ्या पाच न्यायमूर्तींत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. पित्याचे मत पुत्राने आदरपूर्वक बाजूस सारावे, हे न्यायासनावर घडू शकते. न्यायालयाला कारणे लिहावी लागतात, पूर्वीचा निकाल खोडावयाचा तर तो आधी वाचावा लागतो. ज्यूरीला कारणे द्यावी लागत नसत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही; नानावटी खटल्यामुळे ती एका रात्रीत बंद झाली असे सांगितले जाते ते मात्र खरे नव्हे, काही ठिकाणी ती नंतरही काही वर्षे चालू होती. आणि ‘रुस्तम’च्या अखेरीस न्यायालयात टाळ्यांचा कडकडाट होतो तेव्हा ती आजही चालूच आहे, असे म्हणावे लागते.

झाडीपट्टीच्या लेखकांना येथे एक संधी आहे आणि ती मुंबईच्या चित्रपटाला नाही. अडीच तासांच्या चित्रपटाला दुपारचे तीन तास दाखविणे परवडत नाही. साकोलीच्या मंडईतील नाटकाला अख्खी रात्र मिळते. त्याचा प्रेक्षक घाईत नसतो आणि भांडण कोठून सुरू झाले हे त्याला मुळापासून ऐकावयाचे असते. त्या मांडवात एकदा नौकेवरील शस्त्रांची खोली उभी करावी. एक सभ्य, शांत गृहस्थ आत येतो. पहारेकऱ्याने काही विचारण्याच्या आधीच रात्रीच्या लांबच्या प्रवासाचे कारण सांगतो. सहा काडतुसे मोजून घेतो. भिंतीवरचे घड्याळ चालू असते, आणि सहा वाजता मुलांना घ्यावयास जाण्याचे त्याने कबूल केलेले असते.